पावती फाडायची का?

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस दिसावा आणि त्याच्या काखेत पावतीपुस्तक आहे की नाही हे आपल्या गॅलरीतून ओळखता यावं, ही दृष्टी देव फक्त मध्यमवर्गीयाला देतो. ज्यांना चष्म्याशिवाय समोरच्या ताटातली भाजी ओळखता येत नाही, ती माणसंसुद्धा या बाबतीत घारीसारखी असतात. तो माणूस फाटकाची कडी काढेपर्यंत घरात पुष्कळ काही घडून गेलेलं असतं. टीव्ही बंद होतो, पोरांना दटावून आत घेतलं जातं, घरचा कर्ता पुरुष न्हाणीघरात शिरतो आणि गृहिणी दार बोटभर उघडून सांगते, "हे गावाला गेलेत."

मी स्वतः असा अनेकदा गावाला गेलो आहे. आमच्या हिच्या हिशेबाने गणपतीपासून शिवजयंतीपर्यंत मी जवळजवळ परगावीच असतो. इतका प्रवास करून मला न थकता कसं राहता येतं, याचं शेजाऱ्यांना नवल वाटत असेल. पण तेही त्याच गाडीचे प्रवासी असल्यामुळे कोणी कोणाला विचारत नाही.

आणि तरी एके काळी ते पावतीपुस्तक माझ्याच काखेत होतं! ही १९८२ सालची गोष्ट. मी तेव्हा केमला राहत होतो आणि कुर्डुवाडीला एका बँकेत कारकुनी करत होतो. केम म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं, दौंडकडून कुर्डुवाडीला जाताना लागणारं स्टेशन. जेऊर, भाळवणी, मग केम. गाडी थांबते ती थांबायची म्हणून थांबते. खिडकीतल्या माणसाने नाव वाचेपर्यंत निघते. गावात उत्तरेश्वराचं देऊळ आहे. पण बायकांना विचाराल तर केमची ओळख एकच, कुंकू. हळकुंडांना लिंबाचा रस आणि सवागी लावून पिवळ्याचं लाल करायची जुनी विद्या. पुढे कारखाने वाढले, कृती बदलल्या, पण तीर्थाच्या गावी पुडीतून जे कुंकू घरी येतं त्यातलं पुष्कळसं केमचं असतं. त्या कारखान्यांतून कामाला जाणाऱ्या बायकांचे हात मनगटापर्यंत कायम लाल. आमच्या गावात रंगपंचमी संपतच नाही म्हणा ना.

तर आदल्या वर्षी, १९८१ साली, संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष पाळलं होतं. केमला ते एक वर्ष उशिरा पोचलं. पॅसेंजरची सवय असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. गावातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या नऊ मुलांसाठी निधी जमवायचा ठरलं. चार मुलं पोलिओने पाय गेलेली. एक मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. आणि उरलेली चार धडधाकट. पण त्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की मागे म्हाताऱ्या आजीजवळ राहायची आणि अर्धपोटी शाळेत यायची. या नऊ मुलांसाठी अकरा जणांची समिती नेमली गेली. मी बँकेत असल्यामुळे खजिनदार झालो. माझ्याकडे पैसे असतील असा गावाचा समज असावा. निदान मोजता तरी येत असतील.

पहिली सभा समितीच्या नावावरच दोन तास चालली. 'अपंग' म्हणावं की 'विकलांग'? मास्तर 'विकलांग'च्या बाजूचे, कारण तो शब्द संस्कृत आहे. सभेला चहा द्यायला आलेला पोरगा म्हणाला, "पर आमी तर लंगडाच म्हंतो की." त्याला बाहेर घालवण्यात आलं. आज त्या सभेची आठवण झाली की गंमत वाटते. १९९५ साली संसदेने कायदा केला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारदरबारी रुळला. २०१६ साली नवा कायदा झाला, त्यात सातांचे एकवीस प्रकार झाले. शब्द असे चढत्या भाजणीने सुंदर होत गेले. आमच्या पोरांना ज्या शाळेत जायचं होतं तिच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. त्या पाचच्या पाच पुढे कितीतरी वर्षं होत्या.

निधी कशासाठी, हे एका वाक्यात सांगतो. पोर वाढतं, कॅलिपर वाढत नाही. लोखंडी पट्ट्यांचा तो बूट वर्ष-दीड वर्षात आखूड होतो आणि मग तो पायाला आधार देण्याऐवजी पायच त्याला ओढत नेतो. नवीन करायचा तर पुण्याला जायचं, माप द्यायचं, पुन्हा आणायला जायचं. हातावर पोट असलेल्या माणसाने दोन दिवस काम बुडवायचं म्हणजे दोन दिवस चूल बुडवायची. त्या मुलीला कानाचं यंत्र हवं होतं. तेव्हाचं यंत्र छातीवर बांधायच्या काडेपेटीएवढं असे. आणि चार पोरांना दुपारची भाकरी. मागणं मोठं नव्हतं.

पहिले चार दिवस आम्ही नुसते शब्द घेऊन हिंडलो. माणसाला किती प्रकारांनी नाही म्हणता येतं यावर एक ग्रंथ होईल. एका आडत्याने आम्हाला चहा पाजला, दारिद्र्याच्या कारणांवर अर्धा तास सांगितलं आणि दोन रुपये दिले. चहाच तेवढ्याचा झाला होता. दुसरा म्हणाला, "देवाचीच करणी हाय, त्यात आपुन हात घालावा का?" तिसऱ्याने "सरकार काय करतंय?" असं विचारलं. हा प्रश्न विचारून झाला की माणसाचा हात खिशाकडे न जाता मिशीकडे जातो, असं माझं निरीक्षण आहे. चार दिवसांत २१४ रुपये जमले आणि पायांतल्या वहाणा झिजल्या त्या वेगळ्या.

मग अध्यक्षांना युक्ती सुचली. युक्ती कसली, जगात सगळ्यांना सुचते तीच. "पोरगं संगं घिऊ या," ते म्हणाले. "मानूस ऐकून देत न्हाई, बघून देतो."

नऊ वर्षांचा एक पोरगा निवडला. त्याचं नाव इथे देत नाही. तेव्हा ते पत्रकावर छापून झालंच होतं, तेवढं पुरे. त्याची आई कुंकवाच्या कारखान्यात पुड्या भरायला जायची. पोरगा भलता हुशार. तीसपर्यंत पाढे पाठ, गोट्यांत भल्याभल्यांना लुटायचा, आणि कॅलिपर घालून चालताना त्याचा जो खडक-खट खडक-खट आवाज व्हायचा त्याच्यावर गाडीची नक्कल करायचा. "येक नंबरवर येनारी मद्रास मेल..." असं ओरडत तो गल्लीतून यायचा आणि बायका हसत बाजूला व्हायच्या.

पहिल्याच दिवशी निकाल दिसला. जिथे पाच मिळत तिथे अकरा, जिथे अकरा तिथे एक्कावन्न. खजिनदार या नात्याने मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पोरगा हसला की पावतीचा आकडा खाली येई. एका दुकानात त्याने तराजूतल्या मापांवर काहीतरी टिप्पणी केली, दुकानदार खो खो हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पाच रुपये दिले. आनंदी पोराला पाचच पुरतात, असं त्याला वाटलं असणार. बाहेर आल्यावर अध्यक्ष पोराला म्हणाले, "आरं, हसू नगंस की जरा."

तिसऱ्या दिवशी आणखी एक शोध लागला. पायात कॅलिपर बघून लोक म्हणत, "ह्येला बूट मिळालाय की वो!" आता तो बूट आखूड झालाय, टाचेला जखम करतोय, हे प्रत्येकाला कुठवर समजावणार? तेव्हा चौथ्या दिवशी कॅलिपर घरी ठेवायचा ठरला. पोरगा एका हाताने गुडघा दाबत, वाकून, दर पावलाला खाली बुडत चालू लागला. खडक-खट बंद झालं. मद्रास मेलही बंद झाली. त्या दिवशी ३६० रुपये जमले.

हा ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला होता. अकरांत मी होतो.

नवव्या दिवशी एकादशी होती, म्हणून पंढरपूर गाठलं. कुर्डुवाडीहून तेव्हा बार्शी लाइनची नॅरोगेज गाडी होती. तिच्याबरोबर चालत गेलं तर वाटेत गप्पा मारता येतील अशी तिची चाल. सोबत फलक होता, पत्रकं होती, तीन कार्यकर्ते होते आणि पोरगा. घाटावर ही गर्दी! आम्ही पोराला एका पायरीवर बसवलं, फलक त्याच्या डोक्यावर भिंतीला टेकवला आणि पावतीपुस्तकं घेऊन पांगलो. त्याच पायरीवर पुढे ओळीने आंधळे, पांगळे, महारोगी फडकी पसरून बसले होते. ते नेहमीचेच. पंढरपूरला जाणाऱ्याच्या नजरेला ते दिसतही नाहीत इतके नेहमीचे.

थोड्या वेळाने मी परत आलो तर एक म्हातारी वारकरीण ओळीने प्रत्येकाच्या फडक्यावर १० पैसे टाकत येत होती. पोरासमोर फडकं नव्हतं. तिने त्याचा तळहात उघडला, १० पैसे ठेवले, वर चिमूटभर चुरमुरे ठेवले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे जाऊ लागली. माझ्यातला खजिनदार खवळला.

"आजी, हा भिकारी नाही!" मी म्हणालो.

तिने मागे वळून पोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. तिला वाचता येत नसावं.

"मंग कोन हाय?" तिने विचारलं.

तिच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी फलकावरचं समितीचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. ती हात जोडून निघून गेली. पोराने चुरमुरे खाल्ले, नाणं उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "दादा, ह्येची पावती फाडायची का?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण परतीच्या गाडीत दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात मी हिशेब लावत होतो, तेव्हा पोरगा जागाच होता. तो म्हणाला, "दादा, किती झाली?"

"आजवरची? चार हजार तीनशे ऐंशी," मी ऐटीत म्हणालो.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आन् माजी हजेरी किती पडली?"

"कसली हजेरी?"

"आईला कुंकवात हजेरी मिळती. हप्त्याला. मी नऊ दीस आलो. गोट्याबी न्हाई खेळलो. हसलोबी न्हाई."

वाचकहो, माझ्या बँकेच्या नोकरीत मला पुढे पुष्कळ अवघड हिशेब तपासावे लागले, पण त्या रात्रीच्या हिशेबात जी चूक निघाली ती अजून दुरुस्त झालेली नाही. आम्ही त्याला मदत करत होतो असं आम्ही समजत होतो. आणि तो पोरगा समजत होता की तो आमच्याकडे कामाला आहे. केविलवाणं दिसण्याचं काम. त्याने ते चोख केलं होतं. ४,३८० रुपयांतले निदान चार हजार त्याच्या बुडत्या पावलांची कमाई होती. अकरा जणांच्या समितीत काम करणारा तो एकटा, आणि सभासद नसलेलाही तो एकटाच!

मी हा प्रश्न सभेपुढे ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "पोराला पैशाची सवं लागंल." मास्तर जास्त विचारी. ते म्हणाले, हजेरी दिली तर आपण त्याला कामावर ठेवलं होतं हे कबूल केल्यासारखं होईल, आणि मग काम कोणतं ते लिहावं लागेल. कॅशबुकात काय लिहिणार? 'किरकोळ खर्च' लिहा, असं कोणीतरी सुचवलं. अखेर विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढची सभा झाली नाही.

बऱ्याच वर्षांनी एका वकील मित्राने मला एक गंमत दाखवली. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागणं म्हणजे काय याची व्याख्या आहे. भिक्षा मिळावी म्हणून जखम, व्यंग किंवा रोग उघडा करून दाखवणं, हे त्या व्याख्येत येतं. व्यंग माणसाचं असो की जनावराचं. दुसऱ्या माणसाला असं दाखवण्यासाठी वापरणं हा तर वेगळाच गुन्हा, त्याला कैद आहे. मी घाबरून विचारलं, "मग आम्ही?" तो म्हणाला, "कायद्याने परवानगी दिलेल्या कामासाठी रीतसर वर्गणी गोळा करणं त्यातून वगळलंय." म्हणजे घाटावरच्या त्या पांगळ्यात आणि आमच्या पोरात कायद्याच्या दृष्टीने फरक एवढाच, की त्याच्यामागे पावतीपुस्तक होतं. दिवसभराच्या गर्दीत हा मुद्दा नेमका पोरालाच सुचला होता.

बरं, आम्ही काही जगावेगळं करत नव्हतो. अमेरिकेत जेरी लुईस नावाचा विनोदी नट १९६६ पासून २०१० पर्यंत दर सप्टेंबरात टीव्हीवर जवळजवळ दिवसभराचा कार्यक्रम करून स्नायू झिजण्याच्या आजारासाठी पैसे जमवी. चाकाच्या खुर्चीतली मुलं पडद्यावर येत, प्रेक्षक डोळे पुसत, टेलिफोन खणखणत. दोन अब्ज डॉलरांच्या वर रक्कम गेली. मग त्यातलीच काही मुलं मोठी झाली आणि १९९० नंतर त्याच कार्यक्रमाविरुद्ध फलक घेऊन उभी राहिली. लंडनला १९९२ च्या जुलैत अशाच एका टीव्ही-निधीच्या वेळी अपंग माणसांनी स्टुडिओला वेढा दिला. आमची कीव करू नका, असं त्यांचं म्हणणं. तो कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

हे मी मोठ्या तावातावाने आमच्या हिला वाचून दाखवलं. ती तेव्हा शेंगा निवडत होती. "त्या मुलीला कानाचं मशीन मिळालं होतं ना?" तिने विचारलं.

"मिळालं."

"ती पुढे शाळेत गेली ना?"

"गेली."

"मग तुमच्या लंडनवाल्यांना म्हणावं, एकदा तिला विचारून बघा." आणि थोडं थांबून, "अहो, तुमच्या मनाला टोचतंय ते ठीक आहे. पण त्या टोचणीचं मशीन येत नाही."

हिच्याशी वादात मी कधी जिंकत नाही, पण हे मात्र वादासारखं नव्हतंच. मशीन आलं, चारही कॅलिपर आले, ऊसतोडवाल्यांच्या पोरांना उन्हाळ्यापर्यंत दुपारची भाकरी मिळाली. हे सगळं त्या पोराला न हसवता ठेवल्यामुळे आलं. तो हसत राहिला असता तर कदाचित निम्मंच आलं असतं, आणि मग चारांतल्या कोणत्या दोन पायांना कॅलिपर द्यायचा हे आम्हाला ठरवावं लागलं असतं. नैतिक प्रश्नाची हीच खोड असते. लांबून पाहिलं की तो तत्त्वाचा दिसतो आणि जवळ गेलं की बुटाच्या मापाचा.

बाराव्या शतकात कैरोला मैमोनिडीस नावाचा एक ज्यू वैद्य आणि पंडित होता. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. सगळ्यांत खालची, कुरकुरत दिलेलं दान. वरून दुसरी, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही असं दान. आणि सगळ्यांत वरची, माणसाला पुन्हा मागायची वेळच येऊ नये अशी मदत. आमच्याकडे एकावन्नच्या वर देणाऱ्याचं नाव फलकावर, एकशेएकच्या वर देणाऱ्याचं नाव ठळक टायपात, आणि घेणाऱ्याचा फोटो पत्रकावर. त्या पंडिताला आमच्यासाठी खाली एक नववी पायरी बांधावी लागली असती.

मागावं कसं याचे धडे आपल्याकडेही कमी नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात जातीपातीची पोरं एका पंगतीला जेवू लागली. त्यांनी घरोघर मूठमूठ धान्य मागितलं. वसतिगृहात दाणा नव्हता तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पण पोरांकडून भाऊरावांनी करवून घेतलं ते काम. दैन्याचं प्रदर्शन नव्हे. पोरं खोदत होती, खडी फोडत होती, शिकत होती. आता पोलिओ झालेल्या पोराने खडी फोडावी असं मी म्हणत नाही. पण तीसपर्यंत पाढे म्हणायला पाय लागत नाहीत! आम्ही दुकानादुकानांतून त्याचे पाढे ऐकवले असते तर? अर्थात एकोणतीसच्या पाढ्याला कोणी एक्कावन्न रुपये दिले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी स्वतः दिले नसते. मी गावाला गेलो असतो.

पोराला बरोबर नेलं हे मला फारसं खुपत नाही. त्याला पाहून लोकांनी दिलं, यातही पाप नाही. डोळे देवाने पाहायलाच दिलेत. खुपतो तो कॅलिपर घरी ठेवला तो दिवस. पोरगा जेवढा अपंग होता त्याहून जास्त अपंग आम्ही त्याला केला, आणि तो जेवढा होता त्याहून आणखी पुष्कळ काही होता ते झाकून ठेवलं. दुकानदाराने मापात मारलं तर आपण त्याला लबाड म्हणतो. आम्ही उलट्या बाजूने मारलं. पावतीवर मात्र सगळं बरोबर होतं, तारीख, आकडा, अक्षरी रुपये, खजिनदाराची सही.

मूळची सोलापूरचीच म्हणावी अशी एक बाई, नसीमा हुरजूक. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, चाकाच्या खुर्चीत बसून. त्यांचं आत्मचरित्र मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की इथे पावतीपुस्तक खुर्चीत बसलेल्याच्याच हातात आहे. आमच्या समितीत ही सूचना कोणी केली असती तर चहावाल्या पोराप्रमाणे त्यालाही बाहेर घालवलं असतं.

एवढं सगळं आत्ता लिहावंसं वाटलं, त्याला कारण घडलं. आता आम्ही पुण्यात असतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी गॅलरीतून मला रस्त्याच्या टोकाला तीनचाकी स्कूटर दिसली आणि स्कूटरवाल्याच्या काखेत पुस्तकही दिसलं. मी सवयीने न्हाणीघरात गेलो. बेल वाजली. हिने दार बोटभर उघडलं.

"हे गावाला गेलेत."

"कुटल्या?" बाहेरून आवाज आला. "केमला न्हाईत. मी तितनंच आलोय."

मी कोरड्या अंगावर टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, केस पांढरे, कुबडीवर रेललेला, दारात उभा राहून हसत होता. ओळखायला वेळ लागला नाही. आत येताना त्याने कुबडीने दोनदा फरशीवर आवाज काढला आणि आमच्या हिला म्हणाला, "वैनी, बाजूला व्हा, मद्रास मेल आली."

तो आता आजूबाजूच्या गावांतल्या पोरांसाठी निधी जमवतो. शाळेला उतरण बांधायची, कोणाला खुर्ची, कोणाला पुण्याची खेप. पुस्तक चांगलं छापलं होतं, मागे मोबाइलने पैसे भरायचा ठिपक्यांचा चौकोनही होता. मी ते उलटून पालटून पाहिलं.

"पोरांचे फोटो नाही छापले?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग मिळतात पैसे?"

"कमी मिळत्यात," तो सरळ म्हणाला. "दोन पोरं अजून थांबल्याती. बघू." आणि मग डोळे मिचकावून, "तुमचा छापू का? न्हानीतनं आल्याला?"

मी पाचशे एक रुपये दिले. त्याने कार्बन नीट केला, पुठ्ठा मांडीवर घेतला, माझं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि आकड्यापाशी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं.

"दादा, ह्यात माजी नऊ दिसांची हजेरी धरायची, का ती वायली?"

मी पाकीट आणायला पुन्हा आत गेलो.